एच आणि आय : शेजारची दोन अक्षरं

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझा जुना पासपोर्ट सापडला. कोपरा कापलेला, रद्द झालेला. आत २००७ सालचा एच-१बी व्हिसा आणि त्यावरच्या फोटोत भेदरलेल्या चेहऱ्याचा मी. बायको तो फोटो बघून पाच मिनिटं हसत होती :)

मला मात्र त्या दिवशीची रांग आठवली. तेव्हा मुंबईतली अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला समुद्राकाठी होती, वांकानेरच्या राजांच्या जुन्या महालात. (बीकेसीला गेली ती २०११ साली.) मे महिन्याचा उकाडा, रस्त्यावर सकाळपासून रांग, प्रत्येकाच्या छातीशी प्लॅस्टिकची फाइल. माझ्या पुढे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. झब्बा, खांद्याला शबनम. ती शबनम आत नेता येणार नाही हे त्यांना नुकतंच कळलं होतं, आणि ती ठेवायची कुठे या विवंचनेत ते होते. बोलता बोलता कळलं, की ते एका जिल्हा दैनिकात काम करतात आणि सिएटलला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन आहे त्याचा वृत्तांत लिहायला निघालेत. अर्जात त्यांनी व्हिसाचा प्रकार भरला होता - 'आय'.

आय? मी तर हे अक्षर पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या ऑफिसात एच आणि एल सोडून अक्षरंच नव्हती. पण न विचारता सल्ला देण्याचा आमच्या जमातीचा स्वभाव! मी म्हटलं, "काका, कशाला भानगडीत पडता? सरळ टूरिस्ट म्हणून जा. लेख लिहिताय हे कोण बघतंय?"

ते म्हणाले, "अहो, पेपर मला लेखांचे पैसे देणार आहे. मग मी फिरायला चाललोय असं कसं लिहू?"

मनात म्हटलं, किती भोळा माणूस आहे. रांग पुढे सरकली, ते दुसऱ्या खिडकीकडे गेले. पुन्हा काही भेट झाली नाही.

पासपोर्ट हातात घेऊन बसलो आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, की हा 'आय' आहे तरी काय ते बघू. दोन शनिवार त्यात गेले. आणि कळलं की मी त्या दिवशी काकांना दिलेला सल्ला नुसता चुकीचा नव्हता, धोक्याचा होता. ते कसं, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नऊ अक्षरांची यादी

१९५२ साली अमेरिकेत एक मोठा इमिग्रेशन कायदा झाला. सिनेटर पॅट मॅकॅरन आणि काँग्रेसमन फ्रान्सिस वॉल्टर यांच्या नावानं तो ओळखला जातो. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची याचा जुना, वंशावर आधारलेला कोटा त्यात तसाच राहिला होता, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. (भारताचा कोटा तेव्हा वर्षाला १०० माणसं! शंभर हजार नव्हे, शंभर.) पण काँग्रेसनं नकाराधिकार बाजूला सारून कायदा मंजूर केला.

आपण आज व्हिसाची जी बाराखडी घोकतो ती या कायद्यातली. कलम १०१(ए)(१५). त्यात तात्पुरतं येणाऱ्यांची यादी आहे आणि प्रत्येक प्रकाराला एक अक्षर. ए म्हणजे राजदूत आणि सरकारी अधिकारी. बी म्हणजे पाहुणे. सी म्हणजे नुसते पुढे जाणारे प्रवासी. डी म्हणजे जहाजांवरचे आणि विमानांवरचे कर्मचारी. ई म्हणजे तहाखाली येणारे व्यापारी. एफ विद्यार्थी. जी आंतरराष्ट्रीय संस्थांची माणसं. एच तात्पुरते कामगार, म्हणजे आपण. आणि शेवटी आय : परदेशी पत्रकार.

१९५२ ची मूळ यादी इथेच संपत होती. जे आला १९६१ साली, के आणि एल १९७० साली. म्हणजे एच आणि आय ही अगदी सख्खी शेजारची घरं, एकाच दिवशी बांधलेली.

पण दोन घरांचे नियम बघा. एचला मालक लागतो. कंपनीनं आधी अर्ज करायचा, मग तुम्ही. वर मर्यादा आहे. आजच्या रूपातला एच-१बी १९९० च्या कायद्यानं आला आणि ६५ हजारांचा आकडाही तेव्हाचाच. नोकरी गेली की घड्याळ टिकटिक करायला लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. आयला यातलं काहीच नाही. मर्यादा नाही, लॉटरी नाही, कंपनीनं आधी मंजुरी आणायची भानगड नाही. बातमीदार असल्याचा पुरावा घेऊन थेट वकिलातीत जायचं. वाचताना मला खरं सांगतो, थोडा हेवाच वाटला.

मग त्या कलमातला पहिलाच शब्दप्रयोग वाचला, आणि हेवा गेला.

त्या कलमाची सुरुवातच होते ती 'परस्परतेच्या तत्त्वावर' या अर्थाच्या शब्दांनी. म्हणजे तुमचा देश आमच्या पत्रकारांना जसं वागवील, तसं आम्ही तुम्हाला वागवू. साध्या मराठीत, जशास तसे. एचवाला मालकाला बांधलेला असतो, आयवाला आपल्या देशाच्या सरकारला. ज्या सरकारवर टीका करणं हे कदाचित त्याचं कामच आहे, त्याच सरकारच्या वागणुकीचं बिल त्याच्या नावावर फाटणार.

हे असं का, ते त्या काळाकडे बघितलं की कळतं. कायदा होत होता तेव्हा असोसिएटेड प्रेसचा प्रागमधला प्रमुख विल्यम ओटिस चेकोस्लोव्हाकियात तुरुंगात होता. एप्रिल १९५१ मध्ये अटक, जुलैमध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली १० वर्षांची शिक्षा. तो सुटला मे १९५३ मध्ये. बातमीदार आणि हेर यांच्यातली रेघ दोन्ही बाजूंची सरकारं मुद्दाम पुसत होती. अशा वेळी पत्रकारांचा व्हिसा हा पाहुणचाराचा विषय राहिलाच नव्हता, तो हिशेबाचा झाला होता.

कलमात आणखी एक गंमत आहे. त्यात माध्यमांची नावं दिलीत : वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपट आणि 'इतर माहिती माध्यमं'. टीव्हीचं नाव नाही! टीव्ही, वेबसाइट, पॉडकास्ट, सगळे त्या 'इतर'मध्ये कोंबलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर स्विच-केसमधला डीफॉल्ट. सात दशकं झाली, कोणी नवी केस लिहिली नाही, सगळं डीफॉल्टमध्ये जातंय. आणि डीफॉल्टमध्ये काय होईल ते खिडकीमागचा अधिकारी ठरवणार. वार्तांकन किंवा माहितीपट असेल तर आय, करमणुकीचा कार्यक्रम असेल तर नाही. स्वतंत्र पत्रकार असाल तर एखाद्या माध्यमसंस्थेशी केलेला करार दाखवा. थोडक्यात, खरा पत्रकार कोण हे सरकार ठरवतं. हे वाक्य दोनदा वाचा.

मँडेल आणि टेलिफोन

आता एक गोष्ट. अर्नेस्ट मँडेल हा बेल्जियमचा मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ, 'ला गोश' नावाच्या डाव्या साप्ताहिकाचा संपादक. १९५२ च्याच कायद्यात दुसरीकडे अशी तरतूद होती की कम्युनिझमचा प्रचार करणाऱ्याला प्रवेश नाही, पण सरकारला वाटलं तर खास सूट देता येईल. मँडेलला १९६२ साली पत्रकार म्हणून आणि १९६८ साली व्याख्यानांसाठी अशी सूट मिळाली होती. गंमत म्हणजे आपल्याला सूट मिळाल्येय हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं!

१९६९ मध्ये त्याला स्टॅनफर्डला बोलावणं आलं. या वेळी सूट नाकारली. कारण? मागच्या वेळी त्यानं अर्जात सांगितलेल्या कार्यक्रमापेक्षा जास्त ठिकाणी भाषणं केली. बोलावणाऱ्या प्राध्यापकांनी कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं मला फार आवडलं : मँडेलला इथे यायचा हक्क नसेल, पण आम्हाला त्याचं ऐकायचा हक्क आहे की नाही? सरकारच्या बाजूनं असंही सांगितलं गेलं की त्याची पुस्तकं मिळतात, टेप मिळतात, मग माणूसच कशाला हवा?

१९७२ साली सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. ऐकण्याचा हक्क आहे हे नाकारलं नाही, पण सरकारनं वरकरणी योग्य आणि प्रामाणिक असं कारण दिलं असेल तर कोर्ट त्याच्या खोलात जाणार नाही, असं ठरलं. हा निकाल जुनापुराणा म्हणून सोडून देऊ नका. २०१८ साली ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या खटल्यातही याचाच आधार घेतला गेला.

आणि मँडेल? न्यूयॉर्कच्या सभेत त्यानं भाषण केलं ते अटलांटिकपलीकडून टेलिफोनवरून. १९६९ चा झूम कॉल म्हणा ना :)

हे फक्त परकी विचारवंतांच्या बाबतीत होत होतं असं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कोलंबिया देशातली पत्रकार पात्रिसिया लारा न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरली. निघाली होती कोलंबिया विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या पुरस्कार सोहळ्याला. हातात व्हिसा होता. पण नाव संशयितांच्या यादीत होतं. काही दिवस तुरुंगात ठेवून तिला परत पाठवलं. असे प्रकार वाढले, टीका झाली, आणि शेवटी १९९० च्या कायद्यानं विचारांवरून प्रवेश नाकारण्याच्या तरतुदींचा बराचसा भाग काढून टाकला. हो, तोच १९९० चा कायदा ज्यानं आपला एच-१बी घडवला. शेजारी शेवटी शेजारीच.

खरं बोलणाऱ्याची शिक्षा

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या नागरिकांना अमेरिकेत थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. पण ही सवलत पत्रकार म्हणून कामाला येणाऱ्यांना नाही. तुम्ही लंडनचे असा की लातूरचे, वार्तांकन करायचं तर आय हवा. नियम पहिल्यापासून होता, पण वर्षानुवर्षं कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. मार्च २००३ मध्ये इमिग्रेशनचं काम नव्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे गेलं आणि नियम अचानक जागा झाला.

मे २००३. लॉस एंजलिसला ई३ नावाचं व्हिडिओ गेम्सचं मोठं प्रदर्शन असायचं. (२०२३ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हा आमच्या टीममध्ये दोन दिवस सुतक होतं.) त्याच्या वार्तांकनासाठी आलेल्या सहा फ्रेंच पत्रकारांना विमानतळावर अडवून परत पाठवलं. विषय अणुबॉम्ब नव्हता हो, व्हिडिओ गेम्स होते.

पुढच्या वर्षी मे २००४ मध्ये ब्रिटिश लेखिका एलेना लॅपिन 'गार्डियन'च्या कामासाठी लॉस एंजलिसला उतरली. कशासाठी आलात, असं विचारल्यावर तिनं खरं सांगितलं : पत्रकार आहे, लेखासाठी आले आहे. आय व्हिसा नव्हता. हातकड्या, झडती, कोठडी, २६ तास, आणि परतीचं विमान. नंतर तिनं हे सगळं 'गार्डियन'मध्ये लिहिलं. बभ्रा झाल्यावर, नकळत अशी चूक करणाऱ्या पत्रकाराला एकदा आत सोडायचं की नाही हे ठरवण्याची मुभा विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना दिली गेली.

इथे मी थांबलो. लॅपिननं "फिरायला आले" असं सांगितलं असतं तर बहुधा पाच मिनिटांत बाहेर पडली असती. म्हणजे नियमाचा फटका खोटं बोलणाऱ्याला बसला नाही, खरं सांगणाऱ्याला बसला. आणि तीन वर्षांनी मी ब्रीच कँडीच्या फुटपाथवर एका पत्रकाराला नेमकं खोटं बोलायला सांगत होतो. पकडले गेले असते तर पुन्हा कधी व्हिसा मिळणं अवघड. आणि पकडले गेले नसते, तर ज्याचा धंदाच खरं लिहिण्याचा, त्याच्या पहिल्याच कागदावर खोटं. काकांना हे न वाचताच कळलं होतं.

जशास तसे, पुन्हा एकदा

'परस्परता' हा शब्द किती महाग पडतो ते २०२० साली दिसलं. क्रम लक्षात ठेवा, अगदी व्हर्जन हिस्टरी वाचल्यासारखा.

फेब्रुवारी : अमेरिकेनं पाच चिनी सरकारी माध्यमसंस्थांना 'परदेशी दूतावासांसारखं' वागवायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी चीननं 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या तीन बातमीदारांची मान्यता रद्द केली. कारण होतं संपादकीय पानावरच्या एका लेखाचं मथळं. त्या तिघांनी ना तो लेख लिहिला होता, ना मथळा दिला होता. तिघांपैकी एक जण तेव्हा वूहानमध्ये होती!

मार्च : अमेरिकेनं चिनी संस्थांमधल्या चिनी कर्मचाऱ्यांची संख्या १६० वरून १०० वर आणली. पंधरवड्यात चीननं 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या बहुतेक अमेरिकन बातमीदारांना ओळखपत्रं परत करायला लावली. हाँगकाँगमधूनही काम करायचं नाही.

मे : अमेरिकेनं चिनी पत्रकारांचा मुक्काम ९० दिवसांवर आणला. त्याआधी १९८५ पासूनचा नियम असा, की आयवाल्याला तारीख न घालता, काम चालेल तोवर राहता यायचं.

महिने नीट बघा. जगाला वूहानमध्ये काय चाललंय हे सगळ्यात जास्त कळायला हवं होतं, नेमक्या त्याच महिन्यांत तिथे जाऊन बघणारी माणसं कमी केली जात होती. दोन सरकारांनी एकमेकांना मारलेले चेंडू, आणि डोळे फुटले ते आपले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पत्रकारांना वर्षभराचे व्हिसा द्यायचं मान्य केलं, पण गेलेली दोन वर्षं काही परत येत नाहीत.

अमेरिकेला आणि चीनला नावं ठेवून झाल्यावर जरा घरात बघू. आपण काही कमी नाही. १९१९ साली 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक हॉर्निमन याला ब्रिटिशांनी मुंबईतून बोटीवर चढवलं, तो परत आला १९२६ मध्ये. त्याच्या नावानं स्वतंत्र मुंबईनं सर्कल केलं. आणि त्याच स्वतंत्र देशानं १९७० मध्ये लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या माहितीपटांवरून बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद करायला लावलं. १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यावर काही दिवसांतच 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या लुईस सायमन्सला देशाबाहेर काढलं. आणि अगदी अलीकडे, २०२३ च्या सुरुवातीला चीनमध्ये चार भारतीय पत्रकार होते. भारत आणि चीन यांच्यात व्हिसाच्या मुदतीवरून तेच 'तू आधी की मी आधी' सुरू झालं आणि जूनमध्ये त्यातल्या शेवटच्यालाही, पीटीआयच्या बातमीदाराला, परत जायला सांगण्यात आलं. गलवाननंतर तीन वर्षांनी, ज्या देशाबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त माहिती हवी, तिथे आपल्या वतीनं बघणारा कोणी नाही, अशी ती वेळ होती.

तारखेचा तो विषयही संपलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेनं प्रस्ताव मांडला की सगळ्याच परदेशी पत्रकारांना जास्तीत जास्त २४० दिवसांचा मुक्काम द्यावा, पुढे हवं तर मुदतवाढ मागावी. २०२१ मध्ये सरकार बदललं, प्रस्ताव मागे घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो पुन्हा मांडला गेला, चिनी पत्रकारांसाठी ९० दिवसांसकट. क्लोज केलेलं तिकीट रीओपन झालं म्हणा. वरवर बघता २४० दिवस म्हणजे काही वाईट नाही. पण दर आठ महिन्यांनी ज्याच्यापुढे मुदतवाढीसाठी उभं राहायचं, त्याच्याबद्दल लिहिताना हात किती मोकळा राहील? आपल्यातल्या ज्यांनी एक्स्टेंशनची वाट बघत वर्षं काढलीत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मॅनेजरशी आपण किती भांडलो होतो त्या काळात? मी तरी शून्य वेळा.

असो. परवा बायकोला हे सगळं सांगत होतो. तिनं एकच प्रश्न विचारला, "मग त्या काकांना व्हिसा मिळाला का?"

माहीत नाही. नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या पासपोर्टवर शिक्का बसणार की नाही यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. शबनम मात्र त्यांनी शेवटी कोपऱ्यावरच्या नारळपाणीवाल्याकडे ठेवली होती, एवढं आठवतंय. आणि आत जाताना त्यांनी त्यातून फक्त दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या. अर्जाची फाइल आणि पेपरच्या संपादकाचं पत्र.

ते पत्र म्हणजे त्यांचा पुरावा होता, खरे पत्रकार असल्याचा. आता वाटतं, खरा पुरावा त्यांनी मला रांगेतच दिला होता.